मोहाला टेकलेला बांबू

लाईट गेली तर गेली, येईल तेव्हा येईल. नमन, तो मोबाइल पालथा घाल आधी. त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. आणि रिद्धी, भीती वाटत असेल तर आत्ताच घरात जा बाई, ऐन वेळेला उठून पाणी मागायचं नाही. काय म्हणता, काकांच्या गोष्टी म्हणजे थापा? बरं. ही थाप असेल तर माझी नाही, दोधूची आहे. माझ्या मेडिकलच्या ओट्यावर बसून त्यानं ती मला सांगितली. सांगताना हातातला चहा पार गार झाला, पण गड्यानं घोटभरही घेतला नाही.

दोधू रनाळ्याचा. सातपुड्यात धडगावच्याही वर, तोरणमाळच्या अंगाला एक आरोग्य केंद्र आहे, तिथल्या ॲम्ब्युलन्सवर तो ड्रायव्हर होता. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच वाटेनं ये-जा करतात. महिन्या-दोन महिन्यांनी हा घरी जाताना माझ्याकडं थांबायचा. तोंडाचा पट्टा सुरू झाला की बंद व्हायचा नाही. घाटात वाघ बघितला, नाल्यात गाडी वाहून जाता जाता वाचली, असलं काहीबाही सांगायचा. मी म्हणायचो, दोध्या, रात्री-बेरात्री त्या डोंगरात एकटा फिरतोस, जपून राहत जा. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "काका, मी कोनले भ्यात नई."

हे तो दोन वर्षांपूर्वीच्या होळीपर्यंत म्हणत होता.

आता ते केंद्र तुम्हाला थोडं कळायला हवं. इमारत लहानच आहे, पण काम केवढं. आज एका पाड्यावर पोरांना डोस, उद्या आश्रमशाळेत जंताच्या गोळ्या, परवा कुठं सिकलसेलची तपासणी. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो ना, त्या गर्दीतसुद्धा चेतना सिस्टर ढोलवाल्यांच्या शेजारी टेबल टाकून मलेरियाचं रक्त घेत बसायची. बाई विसरवाडीकडची, कोकणी आदिवासी समाजाची, आवाज असा की डॉक्टरही आधी तिचं ऐकायचे. आणि तिचा सगळ्यात जास्त जीव कशात असेल तर माहेरघरात. माहेरघर म्हणजे केंद्रालाच लागून एक खोली. लांबच्या पाड्यावरच्या बायकांनी दिवस भरत आले की तिथं आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस आणायचं. जेवणखाण केंद्राचं. म्हणजे अडल्या वेळी डोंगर उतरायची पाळी येत नाही. त्या वर्षी मात्र होळी आली आणि माहेरघर रिकामं झालं. होळीला घरी नाही असा माणूस सातपुड्यात शोधून सापडायचा नाही. सिस्टर भांडली, रागावली, पण बायका गेल्याच.

होळीच्या दिवशी उन्हं कलल्यावर सिस्टरनं दोधूला हाक मारली. वरच्या पाड्यावरची रिना आदल्याच दिवशी गुजरातेतून, ऊसतोडीवरून आली होती. पहिलटकरीण, दिवस पुरे भरलेले, आणि अंगात रक्त म्हणून नाही. रस्ता नाल्यापाशी संपतो. तिथून पाड्यापर्यंत डोंगराची पायवाट. घरची माणसं तिला झोळीतून नाल्यापर्यंत आणतील असा निरोप होता. दोधूनं नुसतं जायचं, गाडीत घालायचं, आणायचं. सिस्टरनं एवढंच बजावलं की अंधार पडायच्या आत निघा, एकदा होळ्या पेटल्या की झोळी उचलायला माणूस मिळणार नाही. दोधूनं तंबाखू मळली, गाडीला किल्ली मारली, आणि गाणं म्हणत निघाला. रोजचंच काम होतं.

नाल्यापाशी पोचला तेव्हा दिवस बुडत होता. माणूस नाही काणूस नाही. त्यानं हॉर्न दिला, वाट बघितली, परत हॉर्न दिला. पलीकडच्या डोंगरावर ढोल सुरू झाले. चंद्र वर आला, पौर्णिमेचा, लख्ख. तिथं मोबाइलला रेंज नसते. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. पण पोरी, दोधूच्या घरीही तेव्हा दीड वर्षाची लेक होती, आणि तिच्या वेळी बायकोचं काय झालं होतं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं गाडी लॉक केली, टॉर्च घेतली आणि पायवाटेनं वर निघाला.

अर्ध्या वाटेवर एक मोह लागला, जुना, दांडगा. फुलं गळायचे दिवस होते. आता मोहाची फुलं म्हणजे तिकडं घरचं धान्यच समजा. प्रत्येक झाडाला मालक असतो, बायका-पोरं पहाटे अंधारात उठून टोपल्या भरतात, झाडाखाली एक फूल राहत नाही. पण या झाडाखाली थरच्या थर पडलेला. खालची फुलं काळी पडून सडलेली, वर ताजी. कुणी वेचलेलीच नव्हती. वास असा की डोकं गरगरावं. आणि बुंध्याला एक बांबू टेकवून ठेवलेला. चांगला जाड, गुळगुळीत. दोधूनं सगळं बघितलं. बघितलं आणि पुढं गेला. सपाटीवरचा माणूस, त्याला त्यात काय कळणार. तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पाड्यावर पोचला तर सगळी घरं बंद. गडीमाणसं सगळी होळीला गेलेली. एका घरात तेवढा दिवा होता, ते वीरसिंगचं. वीरसिंग रिनाचा नवरा, तिच्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याचा थोरला भाऊ नवलसिंग होता, आणि आई दिवलीबाई, सत्तरीची, वाळून काटकी झालेली. रिना खाली गोधडीवर पडली होती. कळा सुरू झालेल्या. आणि गोधडी... गोधडी भिजली होती, पाण्यानं नव्हे. तिकडच्या बाया ओरडत नाहीत. ती नुसती छपराकडं बघत होती. वीरसिंग दुपारपासून माणसं शोधत फिरला होता. दोन गडी डोंगर उतरवू शकत नाहीत, पायवाट तशी आहे. एक पुढं, एक मागं, आणि उताराला एक जण मधून आधार द्यायला लागतोच. दोधू म्हणाला, मी आहे की तिसरा, उचला.

ब्लँकेटची दोन टोकं बांबूला बांधली, रिनाला आत घातलं, निघाले. पुढं नवलसिंग, मागं वीरसिंग, मधे दोधू. सगळ्यांच्या मागं दिवलीबाई, डोक्यावर कपड्यांचं बोचकं. चांदण्यात वाट दिसत होती. ढोल वाजतच होते, कधी या डोंगरावर, कधी त्या. अर्ध्या वाटेपर्यंत येतात न येतात, तोच कडाड् आवाज झाला. बांबूला आतून भुंगा लागलेला, मधोमध मोडला. दोधूनं खाली हात घालून रिनाला झेललं म्हणून बरं, नाहीतर खडकावर आपटली असती. पण आता काय करायचं? हातावर उचलून न्यावं तर प्रत्येक हिसक्याला रक्त जायचं. परत पाड्यावर जाऊन दुसरा बांबू आणावा तर तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता. नवलसिंगनं डोक्याला हात लावला.

दोधूला आठवला तो मोह. खालीच तर होता, हाकेच्या अंतरावर. कुणाला काही न विचारता तो पळत गेला, बांबू उचलला आणि खांद्यावर टाकून पळत आला. झोळी त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. बांबूवर दोन ठिकाणी आधीच्या गाठींनी घासून खोलगट झालेलं होतं. गाठी तिथं बरोब्बर बसल्या. तो खूश झाला, म्हणाला हा तर तयारच आहे की.

नवलसिंगनं बांबू बघितला आणि दोन पावलं मागं सरला.

दिवलीबाईनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. ती पुढं आली, बांबूवरून हात फिरवला. मग काहीतरी बोलली, त्यांच्या पावरी बोलीत. दोधूला पावरी येत नव्हती. म्हातारी त्यांच्यापैकी कुणाकडंच बघत नव्हती. झोळीच्या पलीकडं, जिथं कुणी उभं नव्हतं, तिथं बघून बोलत होती. रागावून नाही. घरी आलेल्या शेजारणीशी बोलावं तसं बोलत होती.

"वीरसिंगभाऊ, काय म्हनी ऱ्हायनी ती?" दोधूनं विचारलं.

वीरसिंगनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा बांबूकडं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "काही नाही," तो म्हणाला. "चल."

उचलली झोळी. आणि पहिल्याच पावलाला दोधूच्या लक्षात आलं की ओझं बदललंय. मघाशी पोरगी फुलासारखी होती, दिवस भरलेली असूनही हलकी. आता बांबू वाकत होता. नवलसिंगचे पाय थरथरायला लागले. दोधूनं खालून दोन्ही हात लावले तरी झोळी जमिनीला टेकू बघायची. दम लागला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मोह आला. झाडाखालून जाताना तिघांच्याही पायाखाली फुलं चिरडली. पुढं वाट अरुंद होती. मागून कड्यांचा आवाज येत होता, पायातल्या चांदीच्या जड कड्यांचा. खळ... खळ... दोधूला बरं वाटलं, म्हातारी मागं येतेय म्हणून. मग त्यानं वळून बघितलं. दिवलीबाई चांगली लांब होती, वरच्या वळणावर, हळूहळू उतरत होती. तिचे पाय मोकळे होते.

आवाज झोळीजवळून येत होता. रिनाच्या पायात तर साधी प्लॅस्टिकची चप्पलसुद्धा नव्हती.

त्यानं पुढं बघायचं ठरवलं. नुसतं पुढं. नवलसिंगच्या पाठीकडं. तेवढ्यात रिनानं हाक मारली. ती आश्रमशाळेत शिकलेली, मराठी चांगली बोलायची. आवाज अगदी हळू आला. "दादा..."

"बोल बाई. आलंच आता."

"तिला जरा सरकायला सांगा ना... मला जागा पुरत नाही."

दोधू म्हणाला, काका, तेव्हा मला कळलं की भीती पोटातून येत नाही, पायांतून येते. पाय जमिनीतून निघेनात. पण ओझं हातात होतं. टाकायचं कसं? त्यानं पाऊल ओढलं. मागून दिवलीबाईनं एक शब्द टाकला, पावरीत, दटावून. आणि झोळी एका बाजूनं किंचित हलली. रिनानं मोठा श्वास घेतला... जागा झाल्यासारखा.

नाला आला. गाडी आली. रिनाला स्ट्रेचरवर घेतलं. दोधूनं बांबू तिथंच फेकायला उचलला तर म्हातारीनं तो धरून ठेवला. सोडेना. तो आत घ्यायला लावला, तिरका, सीटखालून. ती स्वतः बाकाच्या अगदी कडेला बसली, अंग चोरून. बाक रिकामं होतं सगळं, तरी. वीरसिंग बायकोच्या डोक्याशी बसला. नवलसिंग गाडीजवळ आलाच नाही. त्यानं लांबूनच हात वर केला आणि निघाला. आलेल्या वाटेनं नाही, नाल्याच्या कडेकडेनं, लांबच्या फेऱ्यानं.

दोधूनं मागचा दरवाजा लावला. खटका बसला. ऐकला त्यानं. वळसा घालून पुढं आला, केबिनचं दार उघडलं, आणि मागचा दरवाजा परत वाजला. उघडला. लागला. आतून.

त्यानं बघितलं नाही. गाडी सुरू केली.

घाटात गाडी चढेना. रिकामीच म्हणायची ती, चार माणसं, पण पहिल्या गिअरवर कण्हत होती. मागून म्हातारीचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. ती थांबायची. ऐकल्यासारखं करायची. परत बोलायची. ढोल मागं पडले. रिनाचं कण्हणं बारीक झालं. मग थांबलं. दोधूनं ओरडून विचारलं, श्वास चालू शे ना? कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पाय ब्रेककडं नेला. त्याच वेळी मागून, त्याच्या मानेजवळून, बाईच्या आवाजात आलं, "थांबू नको."

रिना बेशुद्ध होती. दिवलीबाईला मराठीचा शब्द येत नव्हता.

तो थांबला नाही. केंद्राच्या फाटकापर्यंत थांबला नाही. सिस्टर बॅटरी घेऊन दारातच उभी होती. आत नेली, दार लागलं. आणि बऱ्याच वेळानं रडण्याचा आवाज आला, मांजरीच्या पिलासारखा. मुलगी झाली होती.

पण पोरांनो, सुटका झाली नव्हती. डॉक्टर त्या रात्री दुसऱ्या केंद्रावर होते, फोनवरून सांगत होते आणि सिस्टर तसं करत होती. रिनाचं रक्त थांबायला तयार नव्हतं. सलाइन, इंजेक्शनं, सगळं चाललं होतं, तिला शुद्ध नव्हती. आणि पोरगी एवढीशी, वाळलेली, ओठ निळसर. सिस्टरनं तिला आईच्या छातीला लावून बघितलं, दाबून बघितलं, थेंब नाही. वाटी-चमच्यानं द्यायला गेली तर गिळेना, नुसतं ओघळून जायचं. अंगावर पाजणारी दुसरी बाई म्हणावी तर माहेरघर रिकामं. नंदुरबारहून बाळाच्या सोयीची १०८ निघाली होती, पण तिला घाट चढून यायला पहाट होणार. सिस्टरनं पोरीला गुंडाळून दिवलीबाईच्या छातीशी दिलं आणि माहेरघरात दिव्याखाली बसवलं. दोधूला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "काहीतरी पोटात जायला पाहिजे हो. नाहीतर ही गाडी येईपर्यंत टिकायची नाही."

ती परत रिनाकडं पळाली. दोधू आणि वीरसिंग व्हरांड्यात बसले. भिंतीला पाठ लावून.

तिथं वीरसिंगनं सांगितलं. त्या पाड्यावर वंती नावाची बाई होती. दोन पावसाळ्यांपूर्वी ती अडली. झोळीतून आणली, पण दरड कोसळून रस्ता बंद, गाडी नाल्यापर्यंत येऊ शकली नाही. गाडीची वाट बघत मोहाखालीच तिनं जीव सोडला. पोटातल्या बाळासकट. तिकडं रीत अशी की ज्या बांबूवर माणूस वाटेत गेलं, तो बांबू पाड्यात परत न्यायचा नाही. तिथंच टेकवून ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही, त्या झाडाचं फूल वेचायचं नाही. बांबू जिथं, ती तिथं.

"आणि पोटुशी गेलेली बाई..." वीरसिंग थांबला. मग म्हणाला, "ती एकटी राहत नाही. कुणाला तरी नेते. आईला, नाहीतर बाळाला."

दोधूनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. हातानं उचलून आणला होता त्यानं तो बांबू. हातानं गाठी मारल्या होत्या. म्हणजे मीच घेऊन आलो की तिला, घाट चढवून, या पोरीच्या उशापर्यंत! त्यानं वीरसिंगला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?

"दुसरा बांबू होता का?" वीरसिंग म्हणाला. आणि रडायला लागला.

मग दोधूनं विचारलं, म्हातारी तिथं काय बोलत होती. वीरसिंगनं डोळे पुसले. आई म्हणाली, वंती, तुला दवाखान्यात जायचं होतं, माहीत आहे मला. चल आमच्याबरोबर. पण माझ्या सुनेला हात लावू नको.

दोधू उठला. गाडीकडं गेला, तो बांबू काढून पार दरीत फेकून द्यायचा म्हणून. गाडीत बांबू नव्हता.

धावत माहेरघराकडं आला. दारात दिवलीबाई बसली होती, उंबऱ्यावर, बाहेर तोंड करून. मांडी रिकामी. बाळ जवळ नव्हतं. आत पलीकडच्या भिंतीशी एका खाटेवर पोरगी एकटी ठेवलेली, कापडात. आणि खाटेला तो बांबू टेकवलेला. म्हातारीनंच आणला होता.

"मावशी, पोर एकटी का ठेवली?" दोधूनं विचारलं. तो आत जाऊ लागला. म्हातारीनं हात आडवा केला. वीरसिंग मागून आला, आईला काही विचारलं, तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं. वीरसिंग तिथंच खाली बसला.

"काय म्हनी?"

"म्हणते... एकटी नाही."

आतून रडणं येत होतं. कोरडं, तुटक. एकेक श्वास जोडून काढलेलं. दोधू दारात उभा. त्याला आत शिरायचं होतं. म्हातारीला ढकलायचं होतं. पोरीला उचलून पळायचं होतं. त्याचे पाय हलले नाहीत. माझा दोधू, कुणाला न भिणारा.

पायातली कडी वाजली. आत. एकदाच.

खाटेची दोरी करकरली. कुणी कडेला बसलं की करकरते, तशी.

आणि रडणं थांबलं.

एकदम...

वीरसिंगनं तोंडात मूठ घातली. दोधूच्या डोळ्यांपुढं त्याची स्वतःची लेक आली. त्याला वाटलं, संपलं. गेली पोर. मी नेऊन दिली. किती वेळ गेला, त्याला सांगता येईना. दिव्याभोवती एक पाखरू फिरत होतं, त्याचाच आवाज. बाकी काही नाही. म्हातारी डोळे मिटून बसलेली.

शेवटी सिस्टर आली. हाताला रक्त, पदर खोचलेला. रिनाचं रक्त थांबलं होतं, हे सांगायलाच ती आली होती. तिनं या तिघांचे चेहरे बघितले. ती म्हातारीला ओलांडून सरळ आत गेली. दोधू तिच्या मागं गेला. एकटा आत जायची हिंमत नव्हती, पण तिच्या मागं गेला.

पोरगी झोपली होती. ओठांचा निळेपणा गेलेला. छाती हलत होती, सावकाश, पोट भरलेल्या पोराची हलते तशी. अंग गरम. सिस्टरनं आधी श्वास बघितला, मग तळवे बघितले, मग खाली खाटेवर बसलीच. तिचे डोळे भरून आले. ती पोरगी आज पाड्यावर दुडुदुडु चालते, आईच्या मागं मोह वेचायला जाते, तेव्हा रिद्धी, तू डोळे पूस. रिना पण वाचली. जग त्या दोघींचं चाललंय.

दोधूनं मात्र त्या महिन्यातच बदली मागून घेतली. पण त्यानं तो दुधाचा चहा का घेतला नाही, ते अजून सांगायचं राहिलंय.

सिस्टरनं बॅटरी जवळ नेली तेव्हा पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. तिनं बोटानं टिपलं. उजेडात धरलं. दाट. पिवळं. चिकट. आपण चुकतोय असं वाटून तिनं दोन बोटांत चोळून बघितलं. किती बाळंतपणं केलेली ती बाई, तिला काय कुणी शिकवायचं. बाळंतिणीला दूध उतरायच्या आधी पहिला चीक येतो ना, तो होता.

सिस्टरनं मान वर केली. दिवलीबाईकडं बघितलं. ती सत्तरीची. पलीकडच्या खोलीकडं बघितलं. तिथं रिना, अजून बेशुद्ध, थेंब नसलेली. मग ती रिकाम्या खाटा बघत राहिली, एकीवरून दुसरीवर... तिनं दोधूपुढं हात केला. म्हणाली, "हात लाव."

त्यानं लावला.

चीक अजून कोमट होता.